सलाईनचा एक दिवस, घरचे वीस दिवस : फुप्फुसाच्या कॅन्सरची किमो खान्देशातल्या घरातून कशी पार पाडावी

जळगावच्या एका डे-केअर वॉर्डात मी बरीच वर्षं किमोची सलाईन लावतेय. रावेर-यावलची केळीवाली मंडळी येतात, पारोळा-अमळनेरची कापूसवाली येतात, शहादा-शिरपूरकडून पहाटे चारला निघालेलीही येतात. खुर्चीत बसताच पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिस्टर, किती वेळ लागीन?" वेळ मी सांगते, पण त्याहून महत्त्वाचं सांगायचं राहून जातं. फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरची किमो बहुतेक वेळा २१ दिवसांच्या चक्रात चालते. त्यातला एक दिवस पेशंट आमच्या नजरेसमोर असतो, उरलेले वीस दिवस तो तुमच्या घरी, तुमच्या ओट्यावर असतो. सगळ्यात धोक्याचे दिवस त्या विसातच येतात, तेही दवाखाना सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब असताना. म्हणून हा लेख पेशंटची फाईल जो सांभाळतो त्याच्यासाठी आहे. मुलगा असेल, सून असेल, भाचा असेल. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. बाकीचं पुष्कळ तुमच्या हातात आहे.

आधी नक्की कोणता कॅन्सर ते कळू द्या

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधी टीबीच्या गोळ्या खाऊन आलेले असतात. थुंकीत जंतू सापडलेले नसतात, नुसत्या एक्स-रेवरून उपचार सुरू झालेले असतात. खोकला हटत नाही, वजन उतरत जातं, महिने निघून जातात. टीबीच्या उपचारांनी फरक पडत नसेल तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरा. "आमची माय कधी बिडीला शिवली नाही, तिला कसा होईल?" असंही म्हणू नका. जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बायकांनाही हा आजार होतो.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यात दोन गोष्टी बघायच्या. हा 'स्मॉल सेल' आहे की 'नॉन-स्मॉल सेल'? शंभरातले साधारण ८५ नॉन-स्मॉल सेल असतात. आणि नॉन-स्मॉल सेल असेल तर 'अ‍ॅडिनो' की 'स्क्वेमस'? सलाईनमधलं औषध यावरून बदलतं. अ‍ॅडिनोत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही जोडी पुष्कळदा वापरतात. स्क्वेमसवर पेमेट्रेक्सेडचा गुण येत नाही, तिथे कार्बोप्लॅटिनबरोबर पॅक्लिटॅक्सेल किंवा जेमसिटाबिन देतात. जेमसिटाबिनसाठी पहिल्या आणि आठव्या दिवशी, अशा दोन फेऱ्या पडतात. स्मॉल सेलमध्ये सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनबरोबर इटोपोसाइड लागोपाठ तीन दिवस असतं, म्हणजे तुम्हाला तीन दिवस मुक्कामाची सोय बघावी लागते. हे आधी कळलं तर तिकीट, रजा, घरी दूध काढायला कोण, सगळं नीट लावता येतं.

अ‍ॅडिनो असेल तर किमो ठरण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच : "जीनची तपासणी पाठवली का?" ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जीनची नावं आणि सोबत पीडी-एल१ ही प्रथिनाची तपासणी कागदावर लिहून न्या. आपल्या देशात अ‍ॅडिनोच्या साधारण चौघांत एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो. तो सापडला तर सुरुवात सलाईनऐवजी रोजच्या गोळीने होऊ शकते. रिपोर्टला एक-दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. पेशंटला धाप लागत नसेल तर तेवढं थांबणं फायद्याचं असतं. फार धाप असेल, चेहरा-मान सुजत असेल, तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता किमो सुरू करतील आणि ते बरोबरच असतं.

या तपासणीसाठी लागतो तो मेणाचा ब्लॉक. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून लॅब जपून ठेवते. रिपोर्टचा कागद सगळे नेतात, ब्लॉक कुणी मागत नाही. मग मुंबईला गेल्यावर तिथले डॉक्टर ब्लॉक मागतात आणि मुलगा परत तीनशे-चारशे किलोमीटर मागे येतो. डिस्चार्जच्या दिवशीच ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतो.

कागद, पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो बसते. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा पहिल्या फेरीतच होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, हेल्पलाईन १५५३८८. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मंजुरी आधी लागते, डोस झाल्यावर पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. आणि आधार व शिधापत्रिकेवरचं नाव जुळलं पाहिजे. एकीकडे 'भिका', दुसरीकडे 'भिकन' अशा फरकावरून मंजुरी अडकलेली मी पाहिली आहे. कुठलं औषध पॅकेजमध्ये आहे तेही तिथेच विचारा. इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी) महागडी इंजेक्शनं पुष्कळदा त्याबाहेर असतात. शेत विकायचा विचार डोक्यात येईल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, "याने किती महिने वाढतील, आणि ते कसे जातील?" हे विचारणं म्हणजे कंजूसपणा नव्हे.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत असते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

टाटाला जायचं की इथेच करायचं, यावर घराघरात भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे : एकदा मोठ्या केंद्रात दाखवून उपचारांचा प्लॅन लेखी घ्या आणि डोस घराजवळ घ्या. मुंबईत राहायची वेळ आली तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठीच आहे. पण दर तीन आठवड्यांनी थकलेल्या माणसाला रात्रभर गाडीत बसवणं, आणि ताप आला की कोणाला फोन करायचा हे ठाऊक नसणं, यात पेशंटचे हाल होतात.

डोसच्या आधीचा आठवडा

पेमेट्रेक्सेड मिळणार असेल तर तयारी आठवडाभर आधी सुरू होते. हे औषध फोलिक अ‍ॅसिडचा वापर अडवून कॅन्सरच्या पेशींना उपाशी मारतं. तोंडातल्या, आतड्यातल्या, रक्त बनवणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात होरपळतात. त्यांच्यासाठी रोज थोडं फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ चं इंजेक्शन देतात. गोळी पहिल्या डोसच्या किमान ५ ते ७ दिवस आधीपासून रोज, मधे खंड नाही. इंजेक्शन आठवडाभर आधी, नंतर साधारण ९ आठवड्यांनी. गोळीची ताकद चिठ्ठीवरचीच घ्या. ४०० मायक्रोग्रॅम ते १ मिलिग्रॅम एवढीच सहसा लागते आणि गावातल्या मेडिकलमध्ये सर्रास ५ मिलिग्रॅमची हातात देतात.

डोसच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात. त्या विसरल्या तर अंगावर पुरळ उठतं. मधुमेह असेल तर या गोळ्यांनी साखर चढते, घरी मशीनवर तपासा आणि आकडा लिहून आणा. काही पुरुषांना याच गोळ्यांनी दिवस-दिवस उचकी लागते. घाबरायचं नाही, सांगायचं. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्या दिवसांत डॉक्टरांना न विचारता नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

डोसच्या आधी रक्त : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, म्हणजेच काउंट), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लिव्हरच्या तपासण्या. साधारणपणे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आणि प्लेटलेट १ लाखाच्या वर असल्या की डोस मिळतो. हे रक्त आदल्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये द्या आणि रिपोर्ट फोनवर पाठवा. काउंट कमी असल्याचं दवाखान्यात पोचल्यावर कळणं म्हणजे आख्ख्या घराचा दिवस आणि गाडीभाडं वाया. डोस आठवडाभर पुढे गेला म्हणून आजार हाताबाहेर जात नाही, हेही पेशंटला सांगा.

सलाईनचा दिवस

रात्रीच निघू नका, पण उन्हाळ्यात मात्र उजाडताच पोचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि कोरडा पडलेला पेशंट आला की शीर सापडत नाही. उपाशी यायची गरज नसते. मऊ भाकरी-वरण, उपमा, काहीही हलकं खाऊन या. सैल बाहीचा सदरा किंवा ब्लाउज, आणि बायकांनी एका हातातल्या बांगड्या घरीच काढून या. वॉर्डात बांगड्या काढायची वेळ आली की डोळ्यांत पाणी येतं, आणि का ते आम्हाला कळतं.

चपला काढून वजन करतो. डोस उंची-वजनावरून निघतो, कार्बोप्लॅटिनचा तर क्रिएटिनिनवरूनही. वजन दोन-चार किलो उतरलं असेल तर सांगा. मग व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत ठेवायची सलाईनची सुई, लागतो, शक्यतो मनगट आणि कोपराच्या मधल्या भागात. शेतात राबलेल्या हाताच्या शिरा पहिल्या डोसला ठसठशीत असतात. तिसऱ्या-चौथ्याला त्याच दोरीसारख्या कडक झालेल्या असतात. डोस बरेच असतील तर औषध देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवायच्या पोर्टबद्दल विचारा, वापरात नसतानाही तो ठरावीक दिवसांनी धुवून घ्यावा लागतो.

आधी उलटी आणि अ‍ॅलर्जी रोखणारी इंजेक्शनं. अर्ध्या तासाने खरं औषध. पेमेट्रेक्सेड फक्त १० मिनिटांचं, नातेवाईक म्हणतात, "बस, एवढंच?" कार्बोप्लॅटिन अर्धा ते एक तास. पॅक्लिटॅक्सेल तीन तास, त्याला वेगळी नळी आणि फिल्टर लागतो. सिस्प्लॅटिन असेल तर पाण्याच्या सलाईनसकट दिवस जातो. पॅक्लिटॅक्सेलची रिअ‍ॅक्शन आली तर बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या डोसला, पहिल्या काही मिनिटांत येते : छाती दाटते, चेहरा लाल होतो, कंबर दुखते. त्या वेळी चहा प्यायला खाली जाऊ नका, शेजारी बसा. कार्बोप्लॅटिनची अ‍ॅलर्जी उलट सहा-सात डोसनंतर उपटते, म्हणून "आता सवय झाली" असं कधीच नसतं.

एक आजोबा होते, पारोळ्याकडचे. सलाईन चालू असताना मूठ घट्ट मिटून छताकडे बघत होते. मी जवळ जाऊन हात पाहिला तर सुईभोवती लिंबाएवढी सूज. म्हणाले, "आग होत होती ताई, पन तुमी कामात होत्या." औषध शिरेबाहेर गेलं की आतलं मांस जाळू शकतं. आग, टोचणी, सूज, नळीचा वेग मंदावणं, काहीही झालं की हाक मारा. चोळू नका, सुई स्वतः ओढू नका, आम्ही आधी तिच्यातूनच औषध मागे खेचून घेतो. माझी सगळ्या म्हाताऱ्या माणसांना हात जोडून विनंती आहे, आमच्या कामाची काळजी करू नका.

निघताना तीन गोष्टी हातात असल्याशिवाय गाडीत बसू नका : दिलेल्या औषधांची नावं आणि डोस लिहिलेला कागद, उलटीच्या गोळ्यांचं तारीखवार वेळापत्रक आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.

घरचे वीस दिवस

पहिले दोन दिवस (४८ तास) लघवी, शौच, उलटीतून औषध बाहेर पडतं. संडासात दोनदा पाणी टाका, माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा, गरोदर सुनेला ते काम देऊ नका. पेशंटजवळ बसणं, नातवाला मांडीवर घेणं, एका ताटात जेवणं यात काही धोका नाही. कॅन्सर लागत नाही. कोपऱ्यात वेगळी खाट टाकलेली घरं मी ऐकली आहेत, आणि ते दुःख आजारापेक्षा मोठं असतं.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत मळमळ असते. गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते, वेळापत्रकाप्रमाणे आधीच घ्यायची असते. ऑन्डॅन्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट गच्च होतं, तीन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा. पण एनिमा किंवा बत्ती मनाने देऊ नका.

खाणं. तोंड कडू पडतं, शेवभाजीचा तवंग आणि फोडणीचा वास नकोसा होतो. मिरचीचा ठेचा तोंड सोलून काढतो. थोडे दिवस कमी तिखट पातळ भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी, 'दादर' जातीच्या ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, घरचं ताजं ताक, उकडलेलं अंडं. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं. केळी तर घरचीच आहेत आणि सोलून खायचं फळ म्हणून चांगलीही आहेत, साखर असेल तर बेताने. कच्ची कोशिंबीर आणि कापून ठेवलेलं फळ टाळा. पाणी उकळून. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ. गावात कुणीतरी पाल्याचा रस, काढा, पुडी घेऊन येतंच. प्रेमापोटीच आणतो तो. पण त्यातल्या काहींनी लिव्हर सुजतं आणि डोस थांबतो, म्हणून पुडी उघडण्याआधी आम्हाला दाखवा.

केस पॅक्लिटॅक्सेलने जवळजवळ सगळ्यांचे जातात, पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनने सहसा थोडे विरळ होतात. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्याही येतात. सदऱ्याची गुंडी लागत नाही, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, अशी लक्षणं डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधारण ७ ते १४ दिवस या काळात पांढऱ्या पेशी तळाला जातात. याच दिवसांत पेशंटला बरं वाटू लागलेलं असतं, तो उठून शेतात जातो, गोठ्यात जातो, लग्नाला जातो. ते दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने भरा. गर्दी नको, फवारणी-शेणकूट नको, अनवाणी चालणं नको. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा.

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला की ती इमर्जन्सी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. थंडी वाजून आली तर आकडा कमी असला तरीही. आधी क्रोसिन देऊन बघू, असं करू नका. ताप झाकला जातो, जंतू झाकले जात नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या पेशंटला दहाव्या दिवशी संध्याकाळी ताप आला. मुलाने गोळी दिली, घाम येऊन ताप उतरला, सकाळी जवळच एक सलाईन लावून घेतली. आमच्याकडे पोचले तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. ते परत गेले नाहीत. मुलाचं काही चुकलं नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात आम्हीही आलो, आणि ते मला अजून सलतं.

म्हणून एक चिठ्ठी करून घ्या आणि पेशंटच्या खिशात ठेवा. तुमच्या डॉक्टरांच्या सहीने : नाव, आजार, किमोचं औषध, शेवटच्या डोसची तारीख, अ‍ॅलर्जी आणि एक वाक्य, "ताप असल्यास ताबडतोब सीबीसी करावे व तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे." ही चिठ्ठी घेऊन पहिल्या डोसच्या आधीच जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भेटून या. रात्री हे औषध मिळेल का, विचारून ठेवा. गाडी कोणाची, चालवणार कोण, हेही ठरवून ठेवा. १०८ ची गाडी मोफत येते. काउंट फार उतरत असतील तर पेशी वाढवायचं इंजेक्शन असतं, ते डोसनंतर निदान २४ तासांनी द्यायचं. फ्रीजमधलं असेल तर बर्फाच्या डब्यात न्या आणि गावात देणारी सिस्टर आधी शोधा.

तापाशिवाय आणखी काही वेळा थांबायचं नाही : थुंकीतून चमचाभराहून जास्त रक्त, एकदम वाढलेली धाप, चेहरा आणि मानेच्या शिरा फुगणं, पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, आकडी, न थांबणारी उलटी-जुलाब. इम्युनोथेरपीही सुरू असेल तर महिन्यांनंतर झालेले जुलाब किंवा धापही त्याचीच असू शकते, कुठल्याही डॉक्टरांना ते आधी सांगा.

दोन-तीन डोसनंतर

सीटी स्कॅन होतो. गाठ लहान झाली तर आनंद आहेच, पण रिपोर्टवर 'स्टेबल' असेल तर चेहरा पाडू नका. या टप्प्यात आजार जागेवर थांबणं हेही उपचाराचं यश आहे. प्लॅटिनमचे (कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिनचे) ४ ते ६ डोस होतात, पुढे काहींना एकट्या पेमेट्रेक्सेडवर ठेवतात. चौथ्या टप्प्यातला आजार किमोने मुळापासून जाणं बहुतेकांच्या बाबतीत शक्य नसतं. आयुष्य लांबवणं, धाप आणि दुखणं कमी करणं, यासाठी ती असते. हे घरच्यांना माहीत असतं, पेशंटला नसतं. बाहेर मुलगा मला खुणावतो, सांगू नका. आत आजोबा माझा हात धरून विचारतात, "माले काय व्हयेल शे, खरं सांग." त्यांना बहुतेकदा अंदाज असतो. शेताची वाटणी, नातीचं लग्न, एकदा पंढरीला जायचं, हे बोलायला त्यांना वेळ हवा असतो. एकदम सगळं नको, पण जेवढं विचारतील तेवढं तरी खरं सांगा. डॉक्टरांसमोर बसवून सांगितलं तर सोपं जातं.

दुखणं, धाप, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी, पहिल्या डोसपासूनच मागा. ती शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायची गोष्ट नाही. बॉस्टनला याच आजाराच्या १५१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात (२०१०) सुरुवातीपासून ही काळजी मिळालेले लोक जास्त चांगले जगले आणि सरासरी जास्त काळही जगले. आणि पेशंट अर्ध्याहून जास्त दिवस खाटेवरच असेल, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना विचारा की याने फायदा जास्त होईल की त्रास. किमो थांबवणं म्हणजे माणसाला सोडून देणं नाही. तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्या लागू शकतात. त्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळतात. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं केंद्र कोणतं आणि ते कोणत्या दिवशी देतात, हे गरज पडायच्या आधी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मॉर्फिन सुरू झालं की त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या.